भिंतींतील पिंपळ

पावसाळा सरतां सरतां घराच्या मागील अंगास एकदां सावकाश फेरी मारण्याची संवय ज्यांना आहे, त्यांना एका आगंतुकाची ओळख खास असेल. सांडपाण्याच्या नळाजवळ, खिडकीच्या छज्जाखालीं, गच्चीच्या कठड्याला जेथें केंसासारखी चीर गेलेली असते तेथें, तांबूस कोवळीं दोन-चार पानें वाऱ्यानें हालत असतात. तेथें माती नाहीं, आळें नाहीं, कोणीं तांब्याभर पाणी घातलेलें नाहीं. तरी रोपटें टवटवीत. पानें जराशीं मोठीं होऊन त्यांना शेपटीसारखें लांब टोंक फुटलें, कीं आगंतुकाचें नांव कळतें. आणि नांव कळल्याबरोबर घरांत दोन पक्ष पडतात.

आमच्या घरींहि पडले. मागील भिंतींतील हा पिंपळ गेल्या वर्षीं प्रथम दिसला, तेव्हां आम्हीं तो कात्रीनें छाटून टाकिला, आणि काम झालें असें समजून विसरून गेलों. यंदा त्याच जागीं एका काडीच्या ठिकाणीं तीन काड्या उभ्या राहिल्या, व भोंवतालचा गिलावा तळहाताएवढा फुगून आला. गवंड्याला बोलावून दाखविलें. तो म्हणाला, "मूळ आंत गेलें आहे, आतां विटा काढाव्या लागतील." घरांतील वडील मंडळींस हें रुचलें नाहीं. श्रावणांतल्या शनिवारीं ज्याला पाणी घालून प्रदक्षिणा करावयाची, त्यालाच पहारीनें उपटून काढावयाचें, हें त्यांच्या मनास पटेना. आमच्या मातोश्री तर म्हणाल्या, "गेल्या वर्षीं तोडलात, म्हणून यंदा तिप्पट होऊन आला."

हा जुन्या-नव्या विचारांचा नेहमींचाच खटका आहे, असें प्रथम आम्हांस वाटलें. पण कांहीं जुने ग्रंथ चाळूं लागलों, तों असें दिसून आलें, कीं ज्यांना आपण जुने म्हणतों त्यांच्याहि पुढें हा प्रश्न वारंवार आला होता. त्यांनीं तो विचारपूर्वक सोडविला होता; आणि त्यांचें उत्तर आमच्या घरांतील दोहोंपैकीं कोणत्याच पक्षाला सर्वस्वीं अनुकूल नव्हतें. तें उत्तर वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा पिंपळ भिंतींत येतो कसा, तें आधीं पाहूं. उंबराप्रमाणेंच पिंपळाचीं फुलेंहि फळाच्या पोटांत दडलेलीं असतात. गांधीलमाशीच्या कुळांतील, पण डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढा एक कीटक आंत शिरतो, तेव्हां तीं फळतात. आणि वड, उंबर व पिंपळ ह्यांचे हे कीटक ज्याचे त्याचे निराळे ठरलेले आहेत. फळें पिकून जांभळट झालीं कीं मैना, बुलबुल, कोकिळ, तांबट, हरियाल, कावळे हे दिवसा, आणि वटवाघळें रात्रीं, त्यांवर तुटून पडतात. आंतील बीज मोहरीहूनहि लहान. तें पक्ष्याच्या पोटांतून सुखरूप बाहेर पडतें. पोट भरलेला पक्षी विसाव्यासाठीं कठड्यावर, कळसावर किंवा तटाच्या माथ्यावर बसतो, आणि त्याच्या विष्ठेबरोबर तें बीज चिरेंत जाऊन बसतें. चुन्याची दरज पावसाचें पाणी शोषून ओल धरते. बीजाला तेवढें पुरे होतें.

वड-पिंपळांच्या जातीला हें नवीन नाहीं. रानांतहि हीं झाडें पुष्कळदां दुसऱ्या झाडाच्या बेचक्यांत रुजतात, आणि तेथून मुळें खालीं सोडतात. माणसाची भिंत ही पिंपळाच्या दृष्टीनें एक निर्जीव झाडच होय. मूळ प्रथम केंसाएवढें असतें. तें ओलीच्या मागानें दरजेंतून आंत आंत जातें, आणि मग वर्षानुवर्षें जाड होत राहतें. पाचर ठोकावी त्याप्रमाणें दगड दगडापासून सुटतो. लिनियसनें १७५३ सालीं ह्या झाडाला जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा अर्थ 'धर्मसंबंधीं' असाच आहे. परंतु भिंत फोडतांना पिंपळ देऊळ आणि दुकान असा भेद करीत नाहीं.

हा त्याचा स्वभाव वैदिक ऋषींच्या ध्यानांत पुरता आलेला होता. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडांत शत्रुनाशासाठीं एक सूक्त आहे. त्यांत खैरावर उगवलेल्या अश्वत्थाला आवाहन केलेलें आहे: तूं जसा दुसऱ्या वृक्षांवर चढून त्यांना आपल्या खालीं घालतोस, तसा माझ्या शत्रूंना भेदून टाक, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या गुणामुळें आमचा गिलावा फुगला, तो गुण ऋषीला हवासा वाटत होता. मात्र त्याचा रोंख शत्रूकडे असावा, आपल्या घराकडे नसावा. यज्ञासाठीं अग्नि मंथून काढण्याची जी अरणी, तिलाहि शमीच्या झाडावर वाढलेला अश्वत्थ श्रेष्ठ मानीत. शतपथब्राह्मणांतील पुरूरव्याच्या कथेंत तर अग्नीचाच अश्वत्थ झाला व त्याच्या पात्राची शमी झाली, असें सांगितलें आहे. परक्या झाडाच्या खांद्यावर आगंतुकपणें वाढलेलें रोप, आणि तेंच यज्ञाचें साधन! उपद्रव आणि पावित्र्य हीं दोन्ही ह्या झाडाच्या ठायीं पहिल्यापासून एकत्र नांदत आलीं आहेत.

गीतेंत हीच जोडी पुन्हां भेटते. दहाव्या अध्यायांत सर्व वृक्षांमध्यें अश्वत्थ तो मी, असें भगवान् म्हणतात. आणि पंधराव्या अध्यायांत संसाराला अश्वत्थाची उपमा देऊन, मुळें खोलवर रुजलेला हा वृक्ष वैराग्याच्या बळकट शस्त्रानें तोडावा, असें तेच सांगतात. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं ह्याच अध्यायावर विस्तारानें निरूपण केलें. तेथील वृक्ष रूपकाचा आहे, हें खरें. तरी पिंपळ तोडण्याची भाषा उच्चारणेंहि पाप, असें आपल्या पूर्वजांना वाटत नव्हतें, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

रूपक सोडून व्यवहाराकडे वळलें, कीं जुने ग्रंथ अधिकच स्पष्ट बोलतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगरांतील उपवनांत असलेल्या फुला-फळांच्या व सावलीच्या झाडांना इजा करणाऱ्यास दंड सांगितला आहे. अंकुर तोडल्यास ६ पण, लहान फांदी तोडल्यास १२, मोठी फांदी तोडल्यास २४, आणि बुंधा तोडल्यास किंवा झाड समूळ उपटल्यास त्याहून जबर शिक्षा. लावलेल्या झाडाच्या कोंबालाहि किंमत आहे, ही दृष्टि येथें दिसते. ह्याच्या जोडीला सहाव्या शतकांतील वराहमिहिराची बृहत्संहिता पाहावी. घर कसें बांधावें हें सांगतांना तिच्यांत घराजवळच्या झाडांचाहि विचार केलेला आहे. पिंपळ घराच्या पश्चिमेस असला तर तो शुभ मानला आहे, पूर्वेस असला तर अशुभ. पण चिकाचीं झाडें घराला अगदीं लागून असलीं तर तीं द्रव्यनाश करतात, असेंहि तेथें म्हटलें आहे. आणि पिंपळ हें चिकाचें झाड. दिशेच्या फलांवर आज कोणाचा विश्वास असो वा नसो. ज्याच्या भिंतीची डागडुजी करण्याची वेळ आली आहे, त्याला चिकाच्या झाडानें होणारा द्रव्यनाश पटवून देण्यास ज्योतिषाची जरूर नाहीं! अशीं झाडें तोडणें होत नसेल, तर मध्यें पुन्नाग, अशोक, बकुळ, फणस, शमी ह्यांसारखीं चांगलीं झाडें लावावीं, असा तोडगाहि त्यानें दिला आहे.

ह्याच ग्रंथांत मूर्तीसाठीं लांकूड आणावयाचें असतां झाड कसें तोडावें, ह्याचा विधि आहे. आदल्या रात्रीं झाडाची पूजा करावी, बलि ठेवावा, आणि त्यावर राहणाऱ्या भूतांना सांगावें, कीं हा बलि घेऊन तुम्ही दुसरीकडे आपली वस्ती करा, आम्हांस क्षमा करा, तुम्हांस नमस्कार असो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाडाला पाणी घालून कुऱ्हाड चालवावी. पिंपळावर मुंजा असतो, ही आपल्याकडील समजूत ज्यांच्या मनांत घर करून आहे, त्यांनीं हा विधि अवश्य ध्यानांत घ्यावा. भूत असेल तर त्याला घर बदलण्याची सूचना द्यावी व मग आपलें काम करावें, असें शास्त्र सांगतें. काम करूंच नये, असें सांगत नाहीं.

पिंपळ नाहींसा करण्याच्या प्रयत्नांचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास बुद्धगयेच्या बोधिवृक्षाचा होय. सिंहलद्वीपाच्या महावंसांत असें आहे, कीं अशोकाच्या उतारवयांतील राणी तिष्यरक्षिता हिला राजाची त्या वृक्षावरील भक्ति सहन झाली नाहीं, व तिनें विषारी कांट्यानें तो मारविला. सातव्या शतकाच्या पूर्वार्धांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन्त्संग ह्यानें ऐकून लिहून ठेविलेली हकीकत याहून सविस्तर आहे. बौद्ध होण्यापूर्वीं खुद्द अशोकानेंच तो वृक्ष तोडून जाळला, पण राखेंतून तो पुन्हां उठला. पश्चात्ताप पावून राजानें मुळांना सुवासिक दूध घातलें. पुढें राणीनें तो रात्रीं गुपचूप तोडविला, आणि तो पुन्हां जगल्यावर राजानें त्याच्या भोंवतीं दगडी भिंत घातली. ह्युएन्त्संगाच्या थोडेंच आधीं गौड देशाच्या शशांक राजानें वृक्ष तोडला, पाणी लागेपर्यंत खणूनहि मुळांचा अंत लागला नाहीं, तेव्हां आग लावली, आणि मुळें कुजावींत म्हणून त्यांवर उंसाचा रस ओतविला. त्यानंतर मगधाच्या पूर्णवर्म्यानें हजार गाईंच्या दुधानें मुळें भिजविलीं, वृक्षाला पुन्हां पालवी फुटली, आणि भोंवतीं २४ फूट उंच भिंत उभी राहिली.

शशांकाचे वैरी व बौद्धांचे स्नेही ह्यांच्या तोंडून ही कथा आलेली असल्यामुळें तिच्यांतील अद्भुताचा भाग वाचकांनीं आपल्या परीनें वजा करावाच. तथापि तो वजा केल्यावरहि एक गोष्ट शिल्लक राहते. पिंपळ तोडला तरी मूळ राहिल्यास फुटतो, हें सातव्या शतकांतील सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला ठाऊक होतें. म्हणूनच राजाच्या हातून खणणें, जाळणें, कुजविणें हे तिन्ही उपाय करविलेले आहेत. बुंध्यांत आणि मुळांत सांठविलेल्या अन्नावर नवे धुमारे येतात. वरचा शेंडा उडविल्यानें त्यांची संख्या वाढते इतकेंच. मातोश्रींचें "तिप्पट होऊन आला" हें गाऱ्हाणें वनस्पतिशास्त्राला धरूनच होतें. चुकला होता तो आमचा उपाय.

त्या वृक्षाची पुढील हकीकतहि मनोवेधक आहे. १८११ सालीं फ्रान्सिस ब्युकॅनननें बुद्धगयेचा पिंपळ पाहिला, तेव्हां तो भर जोमांत होता, व त्याचें वय फार तर शंभर वर्षांचें असावें असें त्याला वाटलें. अलेक्झांडर कनिंगहॅमनें १८६२ सालीं पाहिला, तेव्हां तो पोखरून गेलेला होता. आणि १८७६ सालीं उरलेला बुंधा वादळानें कोसळला. त्याच्या संततीचें रोप कनिंगहॅमच्या देखरेखीखालीं पुन्हां लावण्यांत आलें, आणि त्याचाच वृक्ष आज यात्रेकरूंना सांवली देतो. मूळ वृक्षाची एक शाखा अशोकाच्या काळीं लंकेंत अनुराधपुरास नेऊन लाविली, तीहि उभी आहे. राजांच्या कुऱ्हाडींनीं जें कुल संपलें नाहीं, तें रोपें लावणाऱ्या हातांनीं टिकविलें. पिंपळाचें एक रोप भिंतींतून काढल्यानें पिंपळ जगांतून नाहींसा होईल, ही भीति निराधार आहे.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येऊं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचें आहे. शिवछत्रपतींच्या काळापासून पाहिलेला कारभार पंतांनीं त्यांत सूत्ररूपानें सांगितला आहे. झाडांविषयीं त्यांतील जो उतारा सर्वांना माहीत असतो, तो आंब्या-फणसांचा: आरमाराला लांकूड लागतें, पण रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं झाडें तिच्या मर्जीविरुद्ध तोडूं नयेत, एखादें अगदीं जीर्ण झाड हवेंच असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें. परंतु आमच्या प्रश्नाचें उत्तर गडांच्या प्रकरणांत आहे. तेथें पंत सांगतात, कीं गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ असे थोर वृक्ष, लिंबा-नारिंगांसारखीं लहान झाडें, फुलझाडें, वेली, किंबहुना उपयोगाचें असो वा नसो, जें झाड होत असेल तें लावावें व जतन करावें. प्रसंग पडल्यास निदान लांकूड तरी कामास येईल. आणि त्याच प्रकरणांत, गडाची निगा सांगतांना, तटाला झाडें वाढतात तीं वरचेवर कापून काढावीं, तटावरचें व तटाखालचें गवत जाळून टाकावें, असेंहि बजावतात.

ह्या दोन आज्ञा एकाच लेखणींतून उतरल्या आहेत. पिंपळ गडाच्या माचीवर असेल तर जपावा, तटाच्या दरजेंत असेल तर काढावा. येथें झाडाच्या जातीचा किंवा पुण्यपापाचा प्रश्न उपस्थितच केलेला नाहीं. त्याची जागा कोणती, एवढाच विचार आहे. तटांतील मूळ म्हणजे शत्रूनें न घातलेला सुरुंग होय, आणि किल्ला राखणाऱ्या माणसाला त्याचें भय असणें साहजिक आहे. आम्हांला मात्र सर्वांत मोलाचा वाटला तो 'वरचेवर' हा शब्द. हें काम एकदां करून भागत नाहीं. पक्षी दर साल येतात, पाऊस दर साल येतो, म्हणून गडकऱ्याचा हातहि दर साल तटावरून फिरला पाहिजे. पंतांना पिंपळाचा स्वभाव कळला होता, तसा माणसाचा आळसहि कळला होता.

ह्या वरचेवरच्या निगेंत खंड पडला म्हणजे काय होतें, तें १८१८ नंतर दिसलें. पेशवाई बुडाली, गडांवरील शिबंदी उठली, आणि तटांना विचारणारा कोणी उरला नाहीं. आज सह्याद्रींतील वा कोंकणकिनाऱ्यावरील कोणत्याहि जुन्या किल्ल्यावर जावें. बुरुजाच्या खांद्यांतून उंबर, वड, पिंपळ वर आलेले आणि त्यांच्या मुळांनीं घडीव चिरे बाहेर लोटलेले दिसतात. जी गत तटांची, तीच कित्येक जुन्या वाड्यांची. धनी पोटासाठीं परगांवीं गेलेला, वांटण्यांचा निकाल लागलेला नाहीं, कौलें कोणीं परतावयाचीं ह्यावर भाऊबंदांचें एकमत नाहीं. एवढ्या अवधींत पिंपळाचा निर्णय झालेला असतो. कालिदासानें रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत ओसाड अयोध्येचें वर्णन करतांना, काळवंडलेल्या चुन्याच्या वाड्यांवर गवताचे अंकुर फुटल्यामुळें चांदण्याची प्रभा त्यांवर पूर्वीसारखी उमटत नाहीं, असें म्हटलें आहे. घर मोडकळीस आलें हें ओळखण्याची ती सर्वांत पहिली खूण होय.

सरकारच्या दृष्टीला ही खूण पडावयास पुढें बराच काळ लागला. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा १९०४ सालीं झाला. आणि पुरातत्त्वखात्याचे प्रमुख जॉन मार्शल ह्यांनीं १९२३ सालीं जी जतनाची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यांत इमारतींवरील झाडाझुडपांच्या निर्मूलनालाहि स्थान मिळालें. पंतांची आज्ञा जणूं दोनशें वर्षांनीं इंग्रजींत निघाली. ह्याच विद्येचा उपयोग पुढें आपल्या लोकांनीं देशाबाहेरहि केला. १९८६ पासून १९९३ पर्यंत भारतीय पुरातत्त्वखात्याची मंडळी कंबोजांतील अंकोरवाट येथें काम करीत होती. तेथील साफसफाईंत दगडांवर वाढलेल्या वनस्पति काढण्याचें कामहि होतें. तेथून जवळच ता प्रोम हें ११८६ सालचें, सातव्या जयवर्म्याच्या वेळचें मंदिर आहे. तेथील प्रश्न याहून कठीण. मंदिराच्या छपरांवर प्रचंड वृक्ष उभे आहेत, आणि त्यांच्या मुळांनीं भिंतींना मगरमिठी मारलेली आहे. भिंत फोडली ती मुळांनींच. पण आतां तींच मुळें सुटलेले दगड सांवरून धरीत असल्यामुळें, झाड काढलें तर भिंत त्याच्याबरोबर यावयाची. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून आपलें खातें तेथेंहि काम करीत आलें आहे, आणि तेथें झाड व मंदिर ह्या दोहोंना संभाळून घ्यावें लागतें. वेळेवर न उपटलेल्या रोपाची परिणति काय होते, तें ह्याहून ठळक कोठें पाहावयास मिळणार? दोन पानांचें असतां जें दोन बोटांनीं निघालें असतें, तें आतां दोन देशांच्या तज्ज्ञांकडूनहि काढवत नाहीं.

हा एवढा इतिहास पाठीशीं घेऊन आपण आपल्या मागील भिंतीकडे परत जाऊं. घरोघरीं ह्यावर जे उपाय होतात, त्यांत हिंगाचा मान मोठा. बुंध्याला भोंक पाडून त्यांत हिंग भरावा म्हणजे झाड मरतें, अशी समजूत आहे. शशांकाच्या उंसाच्या रसाचा हा धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाहीं. त्याच्या भरंवशावर भिंत सोंपवूं नये. कोणी मीठ घालतात, कोणी रॉकेल ओततात, कोणी तेजाब. रॉकेलानें पानें करपतात, पण आंतील मूळ बहुधा वांचतें. मिठानें अपाय होतो तो भिंतीला: तें पाण्याबरोबर विटांत पसरतें, वाळतांना त्याचे स्फटिक बनतात, आणि भिंतीला लोणा लागून पापुद्रे सुटतात. तेजाब तर चुन्यालाच खातें. शत्रूला मारण्यासाठीं स्वतःच्या तटाला सुरुंग लावण्यापैकींच हे प्रकार होत.

खरा उपाय साधा आहे, पण त्याला वेळ साधावी लागते. रोप दोन-चार पानांचें असतां, चांगला पाऊस पडून भिंत भिजलेली असेल अशा दिवशीं, खालून चिमटींत धरून हळूहळू ओढलें, कीं मुळासकट हातांत येतें. तें मोठें झालें असेल, तर ओढूं नये. मुळानें धरलेला दगड किंवा वीट त्याबरोबर निघते. वरचा भाग कापावा, दरज उकरून मुळाचा माग काढावा, तें सबंध बाहेर घ्यावें, आणि पोकळी भरून काढावी. चुन्याची जुनी भिंत असेल तर चुन्यानेंच. सिमेंट चुन्याहून कठीण असल्यामुळें त्याच्या आड ओल कोंडते व नवी चीर शेजारीं पडते. मूळ काढणें शक्यच नसेल तेथें ताज्या कापावर वनस्पतिनाशक औषध लावतात, पण तें जाणत्या माणसाच्या हातून व्हावें. मोठें झालेलें झाड असेल तर आणखी एक विचार आहे: १९७५ च्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांतील शहरांत झाड तोडण्यास परवानगी लागते. कौटिल्याचे पण गेले, तरी त्यामागची दृष्टि कायम आहे. आणि वेळेवर काम करण्याला हें एक अधिक कारण आहे. शेवटीं, जेथें ओल मुरते तो नळ किंवा ती चीर दुरुस्त केल्यावांचून हातांतील पहार खालीं ठेवूं नये. पिंपळ हा ओलीचा निरोप घेऊन आलेला जासूद असतो. जासुदाला घालवून निरोप विसरणें शहाणपणाचें नाहीं.

आम्हीं हा सगळा पुरावा वडील मंडळींपुढें ठेविला. आज्ञापत्राचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाहीं. गडाचा कायदा घराला कशाला, असें त्यांचें म्हणणें पडलें. वराहमिहिराचा विधि मात्र त्यांना एकदम पटला. मातोश्रींनीं आदल्या संध्याकाळीं त्या तीन काड्यांना हळदकुंकू वाहिलें, दहीभात ठेविला, आणि हात जोडून हलक्या आवाजांत कांहीं बोलल्या. तें आम्हीं विचारलें नाहीं. सकाळीं त्यांनीं स्वतःच गवंड्याला हांक मारिली. चार विटा निघाल्या. आंतील मूळ करंगळीएवढें जाड व हातभर लांब होतें. खालच्या नळाच्या सांध्यापर्यंत तें पोंचलें होतें, आणि सांधा ठिबकत होता. तो ठिबकत आहे, हें आम्हांपैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलेलें नव्हतें.

निघालेल्या मुळाचा एक चांगला तुकडा, वरच्या काडीसकट, मातोश्रींच्या आग्रहावरून कुंडींत लाविला आहे. जगला तर पुढील ज्येष्ठांत गांवाबाहेरच्या देवळामागील मोकळ्या जागेंत, भिंतींपासून व विहिरीपासून दूर, त्याला नेऊन लावावयाचें, आणि पुढें त्याला पार बांधावयाचा, असें ठरलें आहे. कुंडींतील काडीला अजून पान फुटलेलें नाहीं; मातोश्री रोज सकाळीं पाहून येतात. भिंत भरून झाली, गिलावाहि सुकला. आतां पुढल्या भाद्रपदांत मागील अंगास फेरी मारण्याचें काम आमच्याकडे आलें आहे, आणि तें वरचेवर करावयाचें आहे.